स्टेपनी असलेलं घर

आमच्या गल्लीत एक घर आहे. त्याला दार आहे, दारात तुळस आहे, चौकटीवर गणपती आहे, मालकाच्या नावाची पाटी आहे आणि मागच्या अंगाला स्टेपनी आहे. हे घर नेहमी एका जागी सापडेल याची खात्री नाही. परवा ते लिंबाखाली होतं, काल माझ्या फाटकासमोर आडवं पडलं होतं, आणि आज सकाळी दूधवाला हातात किटली घेऊन त्याला हाका मारत फिरत होता. पाहुण्यांना पत्ता सांगताना पूर्वी आम्ही म्हणायचो, "व्यंकटरावांच्या घरावरून उजवीकडे वळा." ते बंद केलं. माझा एक साडू असाच वळत वळत थेट गोदावरीच्या घाटावर पोचला आणि आलोच आहे तर म्हणून आंघोळ करून आला.

व्यंकटराव माझे भिंतीला भिंत शेजारी. उभी हयात जमीन मोजणीच्या खात्यात गेली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असा बांध नसेल ज्यावर त्यांनी साखळी टाकली नाही, आणि असे भाऊ नसतील ज्यांचं भांडण त्यांनी बाभळीच्या सावलीत बसून ऐकलं नाही. मोजणीला गेले की दोन्ही पक्षांच्या घरचं पाणी वर्ज्य. खांद्याला स्वतःची पाण्याची छागल. "एकाचं पाणी पेलं की साखळी तिकडं वाकती, मास्तर," असं ते मला सांगत. मी शाळामास्तर होतो, त्यामुळे मला अख्खी गल्ली मास्तर म्हणते. बायकोसुद्धा, रागात असली की.

त्यांचा आवडता शब्द हद्द. "हद्द म्हंजे हद्द!" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून इतक्यांदा निघतं की आमच्या कोपऱ्यावरच्या पिंजऱ्यातला पोपटही ते म्हणतो. माझ्या जास्वंदीची फांदी त्यांच्या अंगणावर झुकलेली आहे. तिचं फूल त्यांच्याकडे पडलं तर ते वाटीत ठेवून मला परत करतात. मी म्हणतो, "अहो, देवाला वाहा की." तर म्हणतात, "देवाला चोरीचा माल घालून राहिलो का मी?" लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा मठ्ठा वाहत त्यांच्या पत्रावळीपर्यंत आला, तर हा माणूस भाताचा बांध घालतो आणि मग निवांत जेवतो.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर चाकांवरचं घर बांधलं! ज्याने जन्मभर लोकांच्या हद्दी कायम केल्या, त्याने स्वतःसाठी हद्दच नसलेलं घर काढलं. गल्लीला हसावं की वाजंत्री बोलवावी कळेना.

घर बांधलं टेम्पोच्या बॉडी बनवणाऱ्या सलीमभाईने. भंगारातली एक लांबुळकी ट्रॉली आणली, तिच्यावर लोखंडी सांगाडा उभा केला, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड. पुढच्या बाजूला पलंग, पलंगाखाली पाण्याची टाकी. मागच्या बाजूला ओटा, ओट्यावर नळ. दोन्हींच्या मधून फरशीखालून पाइप. कोपऱ्यात मोरी. एवढ्याशा जागेत पलंग, ओटा, मोरी, देव आणि व्यंकटरावांचा स्वभाव हे सगळं कसं मावलं ते सलीमभाईलाच ठाऊक. ओढायला त्यांची जुनी जीप. ती चढाला लागली की असा आवाज करते की रस्त्याकडेची म्हातारी माणसं हात जोडून उभी राहतात.

"गाडी म्हनू नका, मास्तर. घर हाय ते," हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं. घर म्हटलं की मग सगळं आलं. तुळशीची कुंडी दाराशेजारी तारेने आवळली. ते घरपट्टीच्या खिडकीवरही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी घराचा पत्ता विचारला तर हे म्हणाले, "आज सांगू का उद्याचा सांगू?" आणि घर म्हटलं की उंबरठा पाहिजेच. सलीमभाईने कपाळावर हात मारला. "साब, गाडी को उंबरा? कल को बोलेंगे ऊपर कौलां भी डालो!"

व्यंकटरावांनी कौलांवर चांगला दोन दिवस विचार केला. मग ती कल्पना सोडली, पण उंबरठा सोडला नाही. सलीमभाई काम संपवून गेल्यावर त्यांनी सागवानी फळी आणली, मुहूर्त पाहिला आणि बोटभर लांबीचे खिळे स्वतःच्या हाताने ठोकून दारात उंबरठा बसवला. हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून त्या घरात जायचं तर गुडघा वर उचलून, उंबरठा ओलांडून जायचं. चुकून कुणाचा पाय त्यावर पडायला आला की आतून आरोळी येई, "उंबऱ्यावर पाय न्हाई!" आमच्या गल्लीतली माणसं त्या घरासमोरून जाताना सवयीने रस्त्यावरसुद्धा पाय उचलून चालू लागली.

आता हे घर कशासाठी? गल्लीचे तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं काशीला जाणार, कुणी म्हणालं रामेश्वर. माझ्या बायकोचं मत होतं की ते आपल्यालाही कुठेतरी नेतील. खरं कारण एका संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, तेही जीपखाली झोपून, चेहरा न दाखवता.

"उदगीरला जायचंय. मंदीकडं. आठ दिस ऱ्हायला."

मंदा त्यांची एकुलती एक मुलगी. बायको वारल्यावर यांनीच वाढवली. उदगीरला एका शाळेत शिकवते, जावई तिथेच विजेच्या सामानाचं दुकान चालवतात. भला माणूस. लग्नाला बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत व्यंकटराव लेकीच्या घरी एक रात्रही राहिले नव्हते. कारण त्यांच्याकडची जुनी रीत. लेकीच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही. नातवंड झालं की ही अट उठते. मंदाला मूल नव्हतं, म्हणून अट उठली नव्हती. बाकीच्या जगाने ही रीत कधीच गुंडाळून ठेवली आहे. माझा सासरा तर आमच्याकडे आला की पाणी, चहा, भजी आणि माझी चप्पल, काहीच सोडत नाही. पण हद्द म्हंजे हद्द.

त्यामुळे त्यांची उदगीरची भेट कशी, तर सकाळच्या गाडीने जायचं, मंदाच्या सोफ्यावर कोरड्या घशाने बसायचं, "आलोच हं" म्हणून उठायचं, कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पाणी प्यायचं, परत येऊन बसायचं. भर उन्हाळ्यात तर या येरझाऱ्यांमुळे लेकीबरोबर कमी आणि टपरीवाल्याबरोबर जास्त गप्पा होत. मंदा पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवी, आणि बाप निघाला की तोच भरलेला तांब्या उचलून आत नेई.

त्यावर काढलेली ही तोड. घर आपलं, टाकी आपली, टाकीतलं पाणी नांदेडचं. लेकीच्या दारात उभं राहायचं, आपल्या घरात राहायचं, आपलं पाणी प्यायचं. रीतही मोडत नाही आणि लेकही दिसते. ही योजना ऐकून मी जीपखाली वाकून त्यांना नमस्कारच केला. त्यांनी तो आतून पान्ह्यानेच स्वीकारला.

फक्त एक गोष्ट त्यांना कळली नव्हती. घर गळत होतं.

ते कळलं पहिल्या सफरीत. आधी जवळ जाऊन पाहू म्हणून अर्धापूरला निघालो. टाकी काठोकाठ. मी जीपमध्ये शेजारी बसलेलो. निम्म्या वाटेत मागून आरडाओरड ऐकू आली. वळून पाहतो तर दोन बाया घागरी घेऊन पळत येत आहेत. आमच्या मागे रस्त्यावर पाण्याची लांब ओली रेघ, त्यामुळे त्यांना वाटलं टँकर चालला. त्यांच्या मागे माणसं, माणसांच्या मागे पोरं, आणि सगळ्यात मागे एक शेळी रेघ चाटत चाटत शिस्तीत येत होती. आम्ही थांबलो तर एक बाई तावातावाने म्हणाली, "आमच्या गावाला न थांबता कुठं पळून राहिले?" व्यंकटराव म्हणाले, "बाई, हे घर हाय." बाईने तुळशीकडे पाहिलं, स्टेपनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घागर घेऊन परत फिरली. अर्धापूरला पोचलो तेव्हा ओट्यावरच्या नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. आम्ही केळी खाऊन तहान भागवली.

परत आल्यावर टाकी पुन्हा भरली. एक थेंब गळेना! रात्रभर नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. घराखाली व्यंकटरावांनी रांगोळी पसरून ठेवली होती, थेंब पडला की खड्डा दिसावा म्हणून. रांगोळीवर मांजराच्या पावलांशिवाय काही उमटलं नाही. पुन्हा अर्धापूर. पुन्हा ओली रेघ. या खेपेला ती शेळी आमची वाट बघत उभीच होती.

"घरी गळत न्हाई, वाटेत गळतंय," व्यंकटराव म्हणाले. "पानी लबाड हाय, मास्तर. बांध कोरणाऱ्या भावासारखं. आपन बघून राहिलो की हात बांधून उभं."

मग मोजणी सुरू झाली. जन्मभराचा अनुभव त्यांनी त्या गळतीवर लावला. पलंगाखाली शिरून स्टीलचा पेला भिंतीला लावून आवाज ऐकला. गल्लीतल्या चार प्रतिष्ठितांना पंच म्हणून उभं करून तोंडी पंचनामा केला. टाकीत पावशेर हळद कालवली, म्हणजे पिवळं पाणी जिथून निघेल तिथे भोक. घर गल्लीतून हिंदकळत फिरवलं. पिवळं पाणी निघालं मागच्या चाकाजवळ. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मग ते निघालं मोरीच्या कोपऱ्यातून. तिथे सिलिकॉन थापलं. मग निघालं थेट स्टेपनीवरून. सलीमभाईने हात टेकले. "साब, मेरेकू तो नजर का मामला दिखता." त्याच्या मते पाणी फरशीखालच्या लोखंडी पट्टीवरून घरंगळत कुठेही जाऊन टपकत होतं, मूळ कुठे कोण जाणे. व्यंकटरावांनी लिंबू-मिरची बांधली आणि शिवाय लांबीचा आणखी एक डबा आणला. त्या महिन्यात त्यांनी इतकी लांबी थापली की घराचं वजन वाढून जीप हुंदके देऊ लागली. हळदीचं पाणी पिऊन त्यांचा खोकला मात्र बरा झाला.

दिवाळी झाली. मंदाला दिवाळीनंतर यायचा शब्द दिलेला. "गळो का ऱ्हावो," व्यंकटराव म्हणाले, "निघायचं. सावकास जाऊ. तुम्ही चला संगं, मागं नजर ठेवायला." मी लगेच हो म्हणालो. उदगीरला मंदाच्या हातचं जेवण असतं, आणि तिच्या घरचं पाणी न पिण्याची माझ्यावर काही सक्ती नव्हती.

कंधार मागे टाकलं, जांब आलं. सावकाश म्हणजे किती, तर एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं आणि गाडीवानाने वळून आमची विचारपूस केली. पण रस्ता तो रस्ता. प्रत्येक खड्ड्याला घर एक उडी मारी आणि मागे पाण्याची पिचकारी उडे. जळकोटला थांबून पाहिलं तर अर्धी टाकी गेलेली. व्यंकटरावांनी टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

उदगीरला मंदाच्या दारात घर उभं केलं तेव्हा तळाला घागरभर पाणी उरलं होतं.

मंदा धावतच बाहेर आली. बापाकडे, घराकडे, तुळशीकडे पाहून तिला इतकं हसू आलं की ती फाटकाला धरून उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "किती दिवस राहणार?"

"उद्या सकाळपातुर," व्यंकटराव म्हणाले. "पानी तेवढंच हाय."

तिचं हसू तिथेच थांबलं.

मी बाहेर त्या घराच्या दाराखाली जमिनीवर बसून तिने दिलेला चहा पीत होतो. व्यंकटराव आत पलंगावर पाय दुमडून. मंदा आली, आणि आत जावं तर गेली नाही. दोन्ही हातांनी चौकट धरून ती उंबरठ्यावर चढून उभी राहिली.

"मंदे! उंबऱ्यावर पाय न्हाई! आत ये, न्हाईतर खाली उतर."

"नाही उतरत. आत आले तर मी तुमची पाहुणी. खाली उतरले तर तुम्ही माझे पाहुणे, आणि पाहुण्याला मला साधं पाणी देता येत नाही. मग मी उभं राहायचं तरी कुठं? इथंच बरी आहे."

"लई बोलाया लागलीस."

"तुमच्याकडूनच शिकले. एवढी टाकी घेऊन आलात, बाबा, एवढी खटपट केली, ती माझ्या घरचा पेला तोंडाला लागू नये म्हणून!"

असं म्हणून तिने पाय आपटला. आणि माझ्या चहात टपकन थेंब पडला.

मी वर पाहिलं. तिने दुसरा पाय आपटला. दोन थेंब. "मंदाताई!" मी ओरडलो, "हलू नका!" तिला वाटलं साप निघाला. ती जागच्या जागी नाचली, आणि वरून अशी धार लागली की माझ्या चहाचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"व्यंकटराव, सापडली! तुमची गळती सापडली!"

हा सत्तरीकडे झुकलेला माणूस लेकीच्या हाताखालून उडी मारून बाहेर आला आणि माझ्या शेजारी घराखाली उताणा पडला. मग वरच्या बाईला खालून हुकूम सुटू लागले. "डावा पाय दाब. आता उजवा. टाच. टाच म्हनलं मी, चवडा न्हाई! हां, आता दोनी पाय उचल."

"दोन्ही कसे उचलू, बाबा? मी काय घार आहे?"

"मग हळूच हुंदड जरा."

दहा मिनिटांपूर्वी भांडत असलेली ती बाई चौकट धरून खुशाल हुंदडत होती, आणि प्रत्येक उडीला खालून बाप ओरडत होता, "आली! गेली! आली!" समोरच्या ओसरीवरच्या शेजारणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. उदगीरात त्यांनी पुष्कळ माहेरची माणसं पाहिली असतील. पण आल्या आल्या लेकीला दारात नाचवणारा बाप त्यांनी नक्कीच पहिल्यांदा पाहिला.

मग उलगडा झाला. उंबरठ्याचा एक खिळा फळीतून, फरशीतून सरळ खालच्या पाइपात घुसला होता. घुसून तिथेच बुचासारखा बसला होता. घर उभं असलं की खिळा हलत नसे, आणि भोक बंद. रस्त्याला लागलं की फळी हादरे, खिळा हले, पाणी सुटे. नांदेडला आम्ही महिनाभर ते घर उलटंपालटं करून तपासलं, पण उंबरठ्यावर पाय द्यायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नव्हती. हळदकुंकू वाहिलेल्या जागेवर संशय घ्यायचा कसा?

व्यंकटरावांनी उंबरठ्याला नमस्कार केला आणि पहारीने तो उपटला. जावईबापू दुकानातून पाइप जोडायचा तुकडा आणि पट्टे घेऊन आले. उरलेलं घागरभर पाणी सोडून द्यावं लागलं. पाइप कापला, जोड बसवला, पट्टे आवळले. सगळ्यांनी मिळून काम केलं, म्हणजे त्या तिघांनी केलं आणि मी त्यांना तोंडाने आवळायला मदत केली.

आता प्रश्न असा की जोड टिकला की नाही हे पाणी भरल्याशिवाय कळणार कसं? आणि पाणी कुठलं?

व्यंकटराव म्हणाले, स्टेशनावरून कॅन भरून आणतो. मंदा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नळी होती आणि नळीतून पाणी वाहत होतं. बाप लेकीकडे पाहत राहिला. मी मध्ये पडलो. "व्यंकटराव, हे पिण्याचं पाणी थोडंच आहे? चाचणीचं आहे."

त्यांनी विचार केला. मोजणीदार जागा झाला. "बरोबर हाय. मोजणीपुरता दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवता येतो. पीक घेता येत न्हाई." आणि मग लेकीला म्हणाले, "भर. सकाळी सोडून देऊ."

टाकी भरली. मंदाने मोकळ्या झालेल्या दारात उड्या मारल्या, जावयाने मारल्या, मी मारल्या, आणि मी मारल्यावरही गळलं नाही म्हणजे जोड पक्काच म्हणायचा.

दिवेलागणीला मंदाच्या स्वयंपाकाचा वास येत होता आणि व्यंकटराव बरोबर आणलेली दशमी चटणीशी खात होते. पाणी छागलीतलं, तळाशी उरलेलं. मला चेव आला. "अहो, कशाला जिवाला त्रास? कोण पाळतं आता हे? पोरीचं तोंड पाहिलंत का?"

त्यांनी हातातला दशमीचा घास संपवला. मग म्हणाले, "मला काय रीतीचं पडलंय, मास्तर? रीत मोडायची तर मी टपरीवर जायच्या पहिल्याच खेपेला मोडली असती. पन नातवंड झालं की पानी प्यायचं, असं हाय ना? मग आज मी पेलो तर तिला काय वाटंल? की बापानं बी आशा सोडली. डाक्टरनं सोडली, तिच्या सासूनं सोडली. मी तहानलेला हाय तवर तिच्या बाजूनं एक मानूस बसून हाय. म्हनून न्हाई पीत."

 मी उगीच उठून नळ घट्ट आहे का ते पाहून आलो.

माझ्या पोटात चहासुद्धा ठरत नाही, तिथे ही गोष्ट काय ठरणार? सकाळी स्वयंपाकघरात मंदाने चहा पुढे केला आणि मी सगळं सांगून टाकलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "की माझ्यात उणं आहे म्हणून..."  भाकरी करपली तरी उचलेना. मग गॅस बंद केला, तांब्या घेतला आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. चांगल्या माणसाने जायला नको होतं, पण मी गेलो.

तिने ओट्यावरचा नळ सोडून तांब्या भरला आणि बापाच्या पलंगावर बसली.

"बाबा, दवाखाने आम्ही कधीच बंद केले. आमचं दोघांचं छान चाललंय. खरंच छान चाललंय. आमच्याकडे कुणी यायचं राहिलेलं नाही. तुम्हाला वाट बघायचीच असली तर माझी बघा. मी रोज शाळा सुटल्यावर याच रस्त्याने येते."

व्यंकटरावांनी तुळशीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. जन्मभर बांध मोजलेल्या माणसाला आता कुठे पाहावं ते कळेना. शेवटी तांब्या उचलला आणि वरूनच घटाघट ओतायला लागले. निम्मं पाणी मिशांवरून सदऱ्यावर. संपल्यावर तोंड पुसलं आणि रागावल्यासारखं म्हणाले, "जड हाय उदगीरचं पानी."

"मग?"

"मग काय? आनखी दे."

मी दुपारच्या गाडीने एकटाच नांदेडला परत निघालो. टाकी सोडून द्यायचा विषय निघालाच नव्हता. स्टँडकडे जाणारी रिक्षा मंदाच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा पाहिलं, तिची शाळा सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण व्यंकटराव कोपऱ्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, त्यावर पेला उपडा घातलेला, धूळ जाऊ नये म्हणून. पोरगी दमून येईल.